उर्फ नावांचा कोश

वंशावळीचा ग्रंथ गरजेपुरता चाळावा, तो वाचावयाचा नसतो, असा आपल्याकडे समज आहे. सिप्रियँ तांगे (१८१९–१९०२) या क्वेबेकच्या धर्मगुरूने सिद्ध केलेल्या फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबांच्या वंशकोशाने माझ्यापुरता तो समज दूर केला. १८७१ ते १८९० या काळात त्याचे सात खंड प्रसिद्ध झाले. माझे फ्रेंच शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. परंतु उभी हयात महसुली दफ्तरांत गेल्यामुळे नोंदींची भाषा मला फारशी परकी वाटली नाही.

तांगे यांची मुख्य सामग्री म्हणजे चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या. त्यांतून एकेक कुटुंब त्यांनी उभे केले : वर पतीचे आडनाव, मग विवाहाची तारीख व गाव, पत्नीचे नाव, आणि खाली अपत्यांची रांग. विशेषणाला कोठे जागा नाही. तरीही एकाच घरात मूल दगावल्यावर पुढच्या मुलाला तेच नाव दिलेले दिसते, तेव्हा दोन तारखांमधले दुःख वाचकाला न सांगता कळते.

कोशाचे खरे वैभव आडनावांत आहे. १६६५ मध्ये कारिन्याँ-सालिएर ही फ्रेंच पलटण वसाहतीत आली आणि तिच्यातील सुमारे ४०० जण तेथेच राहिले. पलटणीत शिपायाला टोपणनाव असे. कोणी 'लाफ्लर' म्हणजे फूल, कोणी 'साँसुसी' म्हणजे निश्चिंत. मूळ आडनाव आणि हे नाव यांना जोडणारा 'दि' हा शब्द म्हणजे आपला 'उर्फ'च. टोपणनावे शिपायांपुरती राहिली नाहीत. एकाच आडनावाची घरे वाढली की शाखा ओळखण्यासाठीही ती उपयोगी पडत. रुआ उर्फ देजार्दँ या घराण्याचे वंशज पुढे कोणी रुआ झाले, कोणी देजार्दँ. १९०० मध्ये लेव्ही येथे सहकारी पतसंस्था स्थापन करणारे अल्फाँस देजार्दँ याच घराण्यातले. 'उर्फ' गाळला असता तर हे दोन वंश एकमेकांना कायमचे अनोळखी झाले असते.

दुसरा विशेष स्त्रियांचा. त्या वह्यांत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावानेच येते आणि दफनाच्या नोंदीतही बहुधा ते तिच्याबरोबर असते. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने सुमारे ८०० तरुणी तेथे संसार थाटण्यासाठी पाठविल्या गेल्या. त्यांच्या नावांचा माग आजही काढता येतो, तो या रीतीमुळे.

मात्र कोशाची मांडणी ही रीत पुरती पाळत नाही. स्त्रीचे नाव टिकते, पण नोंद पतीच्या आडनावाखाली. त्याहून मोठी उणीव अशी की कुटुंब हाच घटक धरल्यामुळे ज्यांना कुटुंब करूच दिले नाही, त्यांना या रचनेत हक्काची जागा नाही. फ्रेंच वसाहतीत मूलनिवासी आणि आफ्रिकी गुलाम होते. त्यांच्यासाठी मार्सेल त्र्युदेल यांना १९९० मध्ये स्वतंत्र कोश करावा लागला. तांगे यांच्या तपशिलांतील अनेक चुका रने जेते यांच्या १९८३ च्या कोशाने दुरुस्त केल्या. चूक पुढचा अभ्यासक दुरुस्त करतो. मांडणीने ज्याला बाहेर ठेवले, त्याला शोधण्यासाठी नवा ग्रंथच लिहावा लागतो.

हे दोष मान्य करूनही एका माणसाच्या हातचे हे काम थोर आहे, असे मी म्हणेन. मूळ गाव सोडून पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर ते विशेष जवळचे वाटावे. आपले कुलवृत्तान्त मूळ पुरुषापासून पणतूपर्यंत नेटाने जातात. लेक मात्र लग्नाशी थांबते आणि सून बहुधा नव्या नावानेच प्रवेश करते. तांगे वाचून झाल्यावर मी आमच्या घराण्याचा वृत्तान्त पुन्हा उघडला. पणजोबांच्या नोकरीच्या बदल्या त्यात तारखांसह आहेत. पणजीच्या माहेरच्या नावापुढे फक्त एक आडवी रेघ आहे, आणि ते नाव सांगू शकेल असे आमच्या घरात आता कोणी उरलेले नाही.