लाडूला कुणी खाईना

दिवाळी अंकांच्या बालविभागात यंदाही डबे उघडले. मध्यरात्र झाली, घर निजलं आणि फळीवरून लाडू खाली उतरला. फराळाचा राजा आपणच, असं त्याने जाहीर केलं. चकलीला राग आला, करंजीने नाक मुरडलं, चिवड्याने गलका केला. दीड-दोन पानं भांडणात गेली. मग पणती बोलली, किंवा भिंतीवरचा पणजीचा फोटो, किंवा थेट लक्ष्मीच: सगळे मिळूनच फराळ होतो, बाळांनो! सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना मानच नाही त्यांनीही डोलावल्या. खाली चौकट: तुम्हाला यातला कोणता पदार्थ आवडतो? चित्रात रंग भरा.

एकाच अंकात ही गोष्ट भेटली असती तर पान उलटून पुढे गेलो असतो. पण ती नाव बदलून जिथे तिथे भेटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याच्या चकल्या गळ्यात अडकवून मुलं तीच सादर करतात, मोबाइलवर ती हलत्या चित्रांत येते. तिची भावंडंही आता मोठी झाली आहेत. एकीत फराळाच्या ताटावर पिझ्झा-बर्गर चाल करून येतात आणि हरतात. दुसरीत मधुमेह झालेल्या आजोबांची लाडू माफी मागतो. तिसरीत डबा कुरिअरने अमेरिकेला जातो आणि तिथल्या कुकीशी करंजीची मैत्री जमते. तिन्हींबद्दल एकच तक्रार पुरेशी आहे: गोष्ट संपली तरी ताट भरलेलंच असतं. मिठाई जिवंत झाली, बोलली, नाचली, शहाणी झाली आणि कुणी तिला तोंड लावलं नाही.

वस्तूला डोळे आणि तोंड काढलं की ती जिवंत झाली, हा समज कुठून आला कोण जाणे. चित्रकारांनी तो पक्का केला. लाडवाला पांढरे हातमोजे, करंजीला पापण्या आणि लाल ओठ. आता तर ही चित्रं यंत्राकडून काढून घेण्याची टूम आहे. त्यातली चकली बघा. तिचे वेटोळे एकमेकांत शिरून गोल पुरे करतात, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे याचा पत्ता नाही. सोऱ्यातून चकली पडताना पाहिलेल्या माणसाचा हात असं काढणार नाही. चकलीला शेवट असतो. ते बाहेरचं टोक बोटाने आतल्या वेटोळ्याला दाबून बसवावं लागतं, नाही तर तेलात सुटतं आणि चकली उलगडत जाते. चकलीला भीती वाटायचीच असेल तर ती या टोकाची वाटेल. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळेल, कमी झालं तर दगड होईल. हा तिचा जन्म, ही तिची संकटं. आपले लेखक मात्र तिला ‘मी काटेरी पण मनाने खुसखुशीत’ असलं काहीतरी बोलायला लावतात.

अनारशाचं तर विचारूच नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, मग खसखशीवर थापून तुपात सोडायचं. गूळ थोडा जास्त झाला किंवा आच चुकली की अनारसा तुपात पसरतो, तुटतो. मराठी स्वयंपाकघर तेव्हा म्हणतं, अनारसा हसला. हसला म्हणजे संपला! हसू आलं तर जीव जाणार आणि कढईत गुदगुल्या करणारं तूप चहूबाजूंनी उसळतं आहे, यापेक्षा जीवघेणी बालकथा कुणाला हवी? अजून एकाही लेखकाला ती लिहावीशी वाटली नसेल तर माझा अंदाज असा की अनारसे विकत आणले जातात आणि गोष्टीही.

मराठी बालसाहित्याला वस्तूत जीव ओतता येत नाही, असं म्हणायची सोय नाही. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केलं तिथपासूनचा सगळा रस्ता इथे मोजत नाही. साने गुरुजींनी ‘गोड गोष्टी’ लिहिल्या, त्यांच्या गोडव्यात रडू होतं. त्यांच्या वारसदारांनी रडू गाळून गोडवा ठेवला. ‘चांदोबा’तल्या वेताळाने महिन्यामागून महिने प्रेताच्या तोंडून गोष्टी सांगितल्या आणि कुणाच्या आईबापांनी तक्रार केली नाही. विंदा करंदीकरांनी १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ लिहिली, पुढे एटू लोकांचा देश वसवला, पिशी मावशीला भुतावळ दिली. विंदांच्या दुनियेत कुणीही काहीही होऊ शकतं, पण झाल्यावर आपल्या नियमाने वागतं. लेखकाच्या वतीने भाषण करत नाही. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांच्या बालरंगभूमीचंही तेच. ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा आलं आणि वैभव मांगल्यांच्या चेटकिणीने थिएटरं भरली. नाटक बघून घरी आलेलं मूल अलबत्याची नक्कल करत नाही, चेटकिणीची करतं. पूर्वी दिलीप प्रभावळकरांच्या चेटकिणीचीही करत होतं. मुलाला ठाऊक असतं, रंगमंचावर खरा जीव कुणात आहे.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत वस्तू सहसा बोलत नाहीत. ‘राधाचं घर’ घ्या किंवा ‘यश’ घ्या, तिथे घरातली माणसं आपापली कामं करत असतात आणि मूल ती आपल्या उंचीवरून बघतं. तरीही त्यांचं एखादं चित्रातलं पातेलं आपल्या सगळ्या बोलक्या लाडवांपेक्षा जिवंत वाटतं, कारण ते कुणीतरी नीट पाहिलेलं असतं. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, पण त्यांची बघण्याची सवय उचलण्याऐवजी आपण चित्रांचा गुळगुळीत कागद तेवढा उचलला. पर्यावरणकथा, स्वच्छताकथा, मोबाइल-वाईट-कथा यांच्याबद्दल न बोललेलं बरं. त्या सरकारी पत्रकांच्या जागी चालतील.

मिठाई जिवंत होण्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट नाताळची आहे आणि तिचंही असंच केलं गेलं. चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ हा बॅले १८९२ मध्ये पीटर्सबर्गला झाला; त्याच्या दुसऱ्या अंकात मिठाईचा मुलूख आहे, चॉकलेट नाचतं, कॉफी नाचते, साखरपरी राज्य करते. डिसेंबरात मुलांना तेवढंच दाखवतात. पण तो ज्यावरून बेतला त्या हॉफमनच्या १८१६ च्या गोष्टीत उंदरांचा राजा रात्री मुलीच्या उशाशी येतो आणि धमकावतो: तुझी मिठाई दे, नाही तर तुझ्या लाकडी शिपायाला चावून टाकतो. मुलगी खाऊ देते. दुसऱ्या रात्री तो तिच्या साखरेच्या बाहुल्या मागतो. त्या तिच्या लाडक्या असतात. ती त्याही देते. सकाळी त्या कुरतडलेल्या सापडतात. साखरेच्या बाहुलीवर माया करायची आणि तिलाच द्यायचं, हा पेच हॉफमनला कळला होता. अमेरिकेत १८७५ साली ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात आल्याच्या बिस्किटाचा माणूस भट्टीतून उठून पळाला, सगळ्यांना हुलकावण्या दिल्या आणि शेवटी कोल्ह्याच्या पोटात गेला. दीडशे वर्षं मुलं ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात ती त्या कोल्ह्यासाठी.

आणि आपल्याकडे? लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांबरोबर साखरेची चित्रं येतात. हत्ती, घोडा, मोर. पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्याच्या दोन पाळ्या जुळवून बांधायच्या, आत दाट पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. घोड्याच्या पोटावर जोडाची रेघ राहते, कधी एक पाय अर्धाच येतो. मूल ते चित्र हातात घेतं, थोडा वेळ चौरंगावर पळवतं, मग कान चाखून बघतं. आधी कान, मग शेपूट. धड दोन-दोन दिवस जपून ठेवतं. मुंग्या लागल्या की रडतं. खेळणं आणि खाऊ एकाच मुठीत असण्याची ही अवस्था आपल्या बाजारात गल्लोगल्ली विकली जाते आणि आपल्या बालकथेत तिला जागा नाही. राजा मंगळवेढेकरांनी चॉकलेटचा बंगला बांधला, तो तरी खाण्यासारखा होता. आजचे बंगले कुणी चाटूसुद्धा नयेत म्हणून राखणदार बसवलेले.

हे मला शहरात तितकं जाणवलं नव्हतं. हरसूलकडच्या एका वर्गात फराळाची अशीच गोष्ट वाचून दाखवली तेव्हा जाणवलं. मुलांनी शिस्तीत ऐकून घेतलं. गोष्ट संपल्यावर एकीने विचारलं, मग खाल्लं कोणी? कुणी नाही, म्हटल्यावर वर्गाने एकमेकांकडे बघितलं. त्या मुलांना एकतेचा संदेश कळला नव्हता अशातला भाग नाही. एवढा फराळ तसाच राहिला, हे त्यांना पटत नव्हतं.

त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा पश्चिमेचा डोंगरपट्टा. भात, नागली, वरई. दिवाळी भातकापणीच्या तोंडावर येते. कितीतरी घरांत सणाचं खाणं म्हणजे चवळीच्या शेंगा, कोनफळ, करांदे, काकडी किसून घातलेले तांदळाच्या पिठाचे पानगे. चकली-अनारसे दुकानातून येतात, आले तर. आपल्या बालकथेतला डबा हा मुंबई-पुण्याच्या एका विशिष्ट स्वयंपाकघरातला डबा आहे, पण महाराष्ट्राची सगळी मुलं याच फळीखाली झोपतात असं लेखक धरून चालतात. याचा उपाय म्हणून नागलीच्या लाडवाला डोळे काढून भांडणात उतरवू नका, एवढी विनंती. उद्या ‘नागली म्हणते मी पौष्टिक’ अशी गोष्ट येईल आणि ती पहिलीपेक्षा वाईट असेल.

शिकण्यासारखं इथे वेगळंच आहे. हरसूल, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा रंगतो. लाकडाचे नाही तर कागदाच्या लगद्याचे मुखवटे. दिवसा ते घराच्या आढ्याला टांगलेले, धूळ खात, रंग उडालेले. रात्री संबळ वाजला, पिपाणीने सूर धरला आणि मुखवटा चेहऱ्याला बांधून सोंग पुढे आलं की तोच लगदा त्राटिका होतो. सोंग जवळजवळ बोलतच नाही. चार पावलं पुढे, चार मागे, मान एका बाजूला, मग दुसऱ्या. मुखवट्याचे डोळे हलत नाहीत, ओठ हलत नाहीत. जीव येतो तो चालीतून. गणपतीची चाल वेगळी, रावणाची वेगळी, नरसिंहाची वेगळी. अनेक गावांत सोंगं पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराकडे आहेत, म्हणजे ती चाल त्या घराने सांभाळलेली असते. शेवटच्या पहाटे देवी येते, महिषासुर येतो आणि तिथे समेट होत नाही. पणती मध्ये पडून सांगत नाही की तुम्ही दोघंही आपापल्या जागी महत्त्वाचे.

वाघबारशीचंही असंच. इतर महाराष्ट्र ज्या दिवशी वसुबारस करतो त्या दिवशी या डोंगरपट्ट्यात वाघदेव पुजतात. सह्याद्रीतल्या काही गावांत गुराख्यांची पोरं त्या दिवशी वाघ होतात, अस्वल होतात, कोल्हा होतात. बाकीची पोरं त्यांना दरडावतात, पुन्हा आमच्या गुरांकडे येशील का, आणि पळवून लावतात. हाही दिवाळीचाच खेळ. त्यात खाणारा आहे, खाल्ला जाऊ शकेल असा जीव आहे आणि मधे पोरं उभी आहेत. आपली जुनी, घराघरांत पोचलेली गोष्ट याच मातीतली आहे: म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती मुदत मागते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. भोपळ्याला तिथे डोळे नाहीत. तो टुणटुण उड्या मारत येतो एवढंच. पण तो वाघाच्या तोंडापुढून जातो म्हणून ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो.

यावर संपादक मंडळी काय म्हणतात ते ठाऊक आहे. मुलं घाबरतात. पालकांचे फोन येतात. लाडू मुलीशी गप्पा मारतो आणि मग मुलगी त्याला खाते, हे क्रूर वाटतं. माझं म्हणणं, वाटू द्या. लाडवाच्या जन्माचं प्रयोजन खाल्लं जाणं आहे आणि त्याला ते माहीत असणारच, कारण शेजारचा लाडू काल होता आणि आज नाही. त्याला पळून जायचं असेल, किंवा कुणाच्या हातून खाल्लं जायचं हे ठरवायचं असेल, किंवा भाऊबीजेपर्यंत टिकायचं असेल. यातलं काहीही चालेल. सुकुमार रायांच्या गोष्टीत रुमालाचं मांजर होतं, तसं आपल्या शंकरपाळ्याचं काहीही झालं तरी चालेल. पण लाडवाला फक्त राजा व्हायचं असतं, हे मी मानायला तयार नाही. लाडवाला राजा करणारा लेखक मुलांना भ्याड समजतो आणि मुलं रात्री तीन वाजता बोहाड्यात पहिल्या रांगेत बसून त्राटिकेची वाट बघत असतात.

मुलं नव्हे, पालक घाबरतात. त्यातही खरी भीती राक्षसाची नसते. मूल उद्या विचारेल, आपण ज्याच्याशी बोललो त्याला खायचं का, आणि या प्रश्नाला चौकटीत बसणारं उत्तर नाही, याची असते. कोंबडी पाळणाऱ्या घरातलं मूल हा प्रश्न चार वर्षांचं असताना विचारून मोकळं झालेलं असतं. बालकथेने त्याच्याकडून शिकावं, तर बालकथा त्यालाच शिकवायला निघाली आहे.

संपादकांना मी नवे लेखक शोधा म्हणत नाही, नव्या कल्पना मागवा म्हणत नाही. दरवर्षी येणारी तीच फराळाची गोष्ट घ्या आणि शेवटचा परिच्छेद कापा. पणती गेली, पणजीचा फोटो गेला, रंग भरायची चौकट गेली. मग उरतं काय? रात्रीचे दोन वाजलेत, डबे उघडे आहेत, कुणाचं कुणाशी पटलेलं नाही आणि पाच वाजता अभ्यंगाला घर उठणार आहे. लेखकाने तिथून पुढे लिहून दाखवावं. हात आखडले तर मानधन अर्धं द्यावं, आणि लेखकाने ओरड केली तर माझं नाव सांगावं.