समारंभातला माणूस

हल्लीच्या लग्नात छायाचित्रकाराने भटजींचाही मान पटकावला आहे. तो म्हणेल तेव्हा हार पुन्हा घातला जातो. सप्तपदीतले पाऊल त्याच्यासाठी क्षणभर अधांतरी राहते. बोहल्यासमोर त्याची आणि त्याच्या मदतनिसांची पाठ तेवढी पाहून घरी परतलेले वऱ्हाडी पुष्कळ असतील. पुढे दिवाळीत आलेल्या पाहुण्यांसमोर तो जाडजूड आल्बम उघडला, की दागिने दिसतात, शालू दिसतो. नवरीची आई मात्र सापडत नाही. सापडलीच तर ती आज्ञेबरहुकूम हसत असते.

समारंभही टिपायचा आणि त्यातला माणूसही टिपायचा, हे एकाच हाताला साधावे कसे? होमाई व्यारावाला यांना ते साधले होते, आणि म्हणून त्यांची चित्रे पुन्हा काढून पाहावीशी वाटतात. सबीना गडिहोक यांनी २००६ साली त्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथामुळे ती पुष्कळांच्या घरी पोहोचली, ही चांगली गोष्ट झाली.

होमाईबाई १९१३ साली नवसारीला जन्मल्या. शिकल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. एका महिला मंडळाच्या सहलीची त्यांची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली, ती एकेका रुपयाला! १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिशांच्या माहिती खात्यात नोकरी, आणि ती सांभाळून बाहेरची कामे. भावी पती माणेकशा यांची भेट तेराव्या वर्षी; पुढे मोटारीला क्रमांक मिळाला तोही डीएलडी १३. बाईंनी टोपणनावच घेऊन टाकले, ‘डालडा १३’.

त्यांच्या आवडत्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलीफ्लेक्स. तो पोटाशी धरून वरून खाली पाहायचे असते. म्हणजे चित्र घेणारा समोरच्या माणसापुढे मान लववूनच उभा राहतो. एका फिल्मवर चित्रे अवघी बारा. बारांत भागवायचे म्हटले की वाट पाहणे आलेच. आज मंगल कार्यालयात दिवसाकाठी हजारो चित्रे निघतात, आणि वाट कोणीच पाहत नाही.

वाट पाहण्याचे फळ पाहायचे तर पालम विमानतळावरचे चित्र पाहावे. साल १९५४. विजयालक्ष्मी पंडित यायच्या आहेत. नेहरू उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच पाटी आहे, की येथे छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई! पाहणाऱ्याला प्रथम हसू येते ते पाटीचे. पण तो विनोद ओसरला, की उरतो तो बहिणीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला एक भाऊ. पंतप्रधान कुठच्या कुठे जातात. पाठोपाठचे चित्र भेटीचे. त्यात भावाने बहिणीला कवटाळले आहे. भाऊबीजेच्या दिवसांत कोणत्याही घरात ते समजेल, त्यासाठी राजकारण कळायला नको. नेहरूंचे कबुतर उडवतानाचे चित्र याहून कितीतरी अधिक गाजले. मला ते तितकेसे भावत नाही. त्यात कबुतर आणि नेहरू दोघेही आपापली भूमिका चोख वठवतात, एवढेच.

कोणाचेही ओशाळवाणे रूप टिपायचे नाही, हा बाईंचा दंडक होता. नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी वागणूक रुचेना, तेव्हा १९७० साली त्यांनी व्यवसायच सोडला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. या सभ्यतेबद्दल आदर वाटतो. पण तिची किंमत चित्रांनाही मोजावी लागली आहे, हे सांगितले पाहिजे. राजदूतांच्या मेजवान्या, पाहुण्यांची स्वागते, मानवंदना, यांची गर्दी फार. फाळणीच्या दिवसांतला दिल्लीच्या रस्त्यांवरचा आक्रोश शोधत कोणी इकडे आला, तर त्याचे समाधान व्हायचे नाही. बाई दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या.

मात्र आत उभे राहूनही त्यांनी एकदा जे टिपले, त्यापुढे रस्त्यावरची पुष्कळ चित्रे फिकी पडतील. १९४७ च्या जूनमधली काँग्रेसची सभा. फाळणीच्या योजनेवर मत घेतले जात आहे आणि सभासदांनी हात वर केले आहेत. रक्त नाही, धूर नाही, कोणी रडत नाही. खालची ओळ झाकली तर एखाद्या सहकारी पतपेढीची वार्षिक सभा वाटावी. अहवाल मंजूर होत असावा आणि मागे चहा तयार असावा. मग ओळ वाचावी. नजर पुन्हा वर जाते, आणि एकेक हात निरखून पाहिल्यावाचून पान उलटवत नाही.