कुणाची सावली, कुणाची नजर

सिडनी शहराच्या बंदरावर २७१ मीटर उंचीचं एक हॉटेल उभं आहे. ७५ मजले. आत पैसेवाल्यांचा जुगारखाना, वर कोट्यवधींची घरं. नाव क्राउन, म्हणजे मुकुट. डिसेंबर २०२० मध्ये हॉटेल उघडलं, ऑगस्ट २०२२ मध्ये कॅसिनो. विल्किन्सन-एअर या लंडनच्या कंपनीनं आराखडा केला. तीन पाकळ्या पीळ घेत आभाळात चढल्यात, अशी कल्पना. ही इमारत नाही, शिल्प आहे, असं बांधणाऱ्यांचं म्हणणं.

गावच्या लोकांनी या शिल्पाला मालकाच्या आडनावाशी यमक जुळवून पुरुषाच्या लिंगाचं नाव ठेवलं. ठीक आहे. शिवी ही पण समीक्षाच असते. पण हसून झालं की विषय संपतो, आणि आपल्याला विषय संपवायचा नाही.

दोस्त विचारतील, सातासमुद्रापलीकडचं हॉटेल आपल्या पानांत कशाला? कारण सुंदर काय आणि कुरूप काय हे ठरवणाऱ्यांशी आपलं जुनं भांडण आहे. आपली कविता आली तेव्हा तिच्यातल्या भुकेवर पंडित बोलले नाहीत. 'यात कला कुठाय?' एवढंच विचारलं. सिडनीत तोच प्रश्न काचेत आणि काँक्रीटमध्ये विचारला गेला. म्हणून ही समीक्षा.

आधी जागा समजून घेऊ. ही बंदरावरची गोदी. १९३० च्या मंदीत कामगार इथं एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर काम मागत फिरायचे. मुकादम अंगापिंडानं दांडगा गडी निवडायचा, बाकीचे उपाशी परत. त्या रस्त्याला लोकांनीच नाव दिलं, 'भुकेला मैल'. वरच्या टेकडीवर मिलर्स पॉइंट, गोदी कामगारांची वस्ती. १९०० साली प्लेग आला तेव्हा सरकारनं तो सगळा भाग ताब्यात घेतला, पुढे कामगारांसाठी घरं बांधली. पिढ्यान् पिढ्या लोक तिथं भाड्यानं राहिले.

गोदीचं काम हटल्यावर जमीन मोकळी झाली. सरकारी जमीन, म्हणजे लोकांची. २००६ च्या स्पर्धेत फिलिप थालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा पहिला आला. त्यात पाण्याच्या कडेनं सलग उद्यान होतं, सगळ्यांना फिरायला. तो आराखडा पुढे मोडीत काढला. मग रिचर्ड रॉजर्सच्या आराखड्यात पाण्यातच हॉटेल आलं. लोक खवळले, पाण्यात हॉटेल नको म्हणाले. २०१२ मध्ये जेम्स पॅकर या जुगारखान्यांच्या मालकानं आपला प्रस्ताव सरकारपुढे ठेवला. ना टेंडर, ना बोली. आणि अखेर हॉटेल पाण्यातून उचललं आणि उद्यानासाठी राखलेल्या जमिनीवर आणून ठेवलं!

ही मेख नीट बघा. लोक म्हणाले, जागा चुकली. वरचे म्हणाले, बरं, जागा बदलतो. पण 'हे कुणासाठी?' हा प्रश्न कागदावर आलाच नाही. रूपावर बोला, रंगावर बोला, उंचीवर बोला, हरकती लिहून द्या. मालकीवर बोलू नका. रूपवादी समीक्षेचा हाच धंदा आहे, मग ती पुण्यात लिहिलेली असो की सिडनीच्या नियोजन आयोगापुढं मांडलेली. स्थानिकांनी उद्यानाची जमीन सोडा म्हटलं, उद्यानावर सावली पडेल म्हटलं, टेकडीवरच्या १८५८ सालच्या वेधशाळेला आभाळ दिसणार नाही म्हटलं. जून २०१६ मध्ये आयोगानं मंजुरी दिली.

सावलीशी थोडं थांबू. पेशवाईत आपल्या माणसाची सावली पडली की वाट बाटायची. सिडनीत ७५ मजल्यांची सावली लोकांच्या उद्यानावर पडते, तिला विकास म्हणतात. कुणाची सावली विटाळ, कुणाची सावली विकास, हे सूर्य ठरवत नाही. सत्ता ठरवते.

आता दुसरी इमारत. तिच्याशिवाय पहिलीची समीक्षा पुरी होत नाही. त्याच परिसरात, हार्बर ब्रिजच्या कडेला, 'सिरियस' नावाची इमारत आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक मंडी आणि त्याच्या बांधकाम मजुरांच्या संघटनेनं जाहीर केलं की गरिबांची घरं पाडायच्या कामाला आम्ही हात लावणार नाही. मजुरानं हातातला हातोडा खाली ठेवला आणि बिल्डर थांबला. त्या लढ्यातून सिरियस उभी राहिली. आर्किटेक्ट ताओ गोफर्स. ७९ घरं, काँक्रीटचे खोके एकमेकांवर रचलेले, खालच्याचं छप्पर वरच्याची गच्ची. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा विचार केलेला. भाडेकरू गरीब, पण खिडकीत अख्खं बंदर आणि ऑपेरा हाऊस.

हेच खुपलं. मार्च २०१४ मध्ये सरकारनं मिलर्स पॉइंट आणि आसपासची २९३ सरकारी घरं विकायला काढली. सिरियस त्यातच. वारसा म्हणून जपा, असं सरकारच्याच वारसा परिषदेनं सांगितलं. मंत्र्यानं २०१६ मध्ये नाकारलं, कारण जपलं तर विक्रीची किंमत घसरेल. २०१७ मध्ये कोर्टानं तो निर्णय रद्द केला, मंत्र्यानं पुन्हा नाकारलं. कुरूप आहे, म्हणे. शहराची शोभा घालवते, म्हणे. दृष्टी जवळजवळ गेलेली, नव्वदी ओलांडलेली एक बाई शेवटपर्यंत तिथं राहिली. तिच्या खिडकीत दिव्यांनी 'एसओएस' लिहिलेलं असायचं. २०१८ च्या सुरुवातीला तीही निघाली. २०१९ मध्ये सिरियस १५ कोटी डॉलरला गेली. आता तिथं श्रीमंतांची घरं आहेत. खोके तेच, काँक्रीट तेच. माणूस बदलला आणि इमारत एका रात्रीत देखणी झाली!

तर दोस्तांनो, कुरूप इमारत नव्हती. भाडेकरू कुरूप होता.

आणि हा कळस बघा. क्राउन आणि तिची भागीदार लेंडलीज शेजारच्या जमिनीवर उंच बांधकाम होऊ नये म्हणून सरकारी प्राधिकरणाविरुद्ध कोर्टात गेल्या. का? हॉटेलातून ऑपेरा हाऊस आणि पूल दिसला पाहिजे, तसं करारात आहे, म्हणून. डिसेंबर २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. म्हणजे वेधशाळेचं आभाळ झाकलं तर चालतं, म्हाताऱ्या बाईची खिडकी गेली तर चालते, पण जुगारी पाहुण्याच्या नजरेला करार आहे आणि त्या कराराला कोर्ट आहे. सगळ्या आराखड्याचा अर्थ मला या एका खटल्यात सापडला. नजर ही मालमत्ता आहे. ज्याच्याकडं सातबारा त्याला सौंदर्य.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. त्या वेळी काही कामगार संघटनांनी नोकऱ्यांसाठी प्रकल्पाला साथ दिली. पॉल किटिंग हा मजूर पक्षाचा माजी पंतप्रधान. त्यानं गोदीचं काँक्रीट उखडून १८३६ सालच्या किनाऱ्यासारखी टेकडी पुन्हा रचायचा आग्रह धरला. २०१५ मध्ये ते उद्यान उघडलं. उद्यान छान आहे, लोकांना खुलं आहे. पण १८३६ च्या किनाऱ्यात भुकेला मैल बसत नाही. निसर्ग परत आणताना कामगार पुसला. पुसणाऱ्याच्या हातात हिरवा रंग असला तरी पुसणं ते पुसणंच.

शेवटी नावाचं. या जागेला 'बरांगारू' नाव दिलंय. ती कॅमेरेगल या मूळ जमातीची मासेमार बाई, अठराव्या शतकाच्या अखेरची. गोऱ्यांचे कपडे तिनं अंगाला लावले नाहीत. आपल्यातल्या एका बाईचं मासेमारीचं सामान चोरणाऱ्या गोऱ्या कैद्याला फटके मारताना पाहिलं, तर ही काठी उचलून फटके मारणाऱ्यावरच धावली, असं एका गोऱ्या अधिकाऱ्यानंच लिहून ठेवलंय. गोदी कामगारांच्या संघटनेची मागणी 'भुकेला मैल' या नावाची होती. ती मागं पडली. बरांगारूचं नाव आलं, आणि त्या नावाखाली जुगारखाना आला.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली. ते नाव आपण रक्त देऊन घेतलं. बरांगारूचं नाव वरून दिलेलं आहे. फरक तिथंच आहे. उद्या आपल्या वस्तीच्या जागेवर कुणी टॉवरचं रंगीत चित्र घेऊन येईल, दर्शनी भागात आपल्या माणसाचं नाव घालील आणि विचारील, 'डिझाइन आवडलं का?'

तेव्हा चित्राकडं बघू नका. विचारा, साहेब, खिडकी कुणाची? सातबारा कुणाचा? आणि आमची माणसं कुठं गेली?