एकाकीपण आणि सहभाग : मराठी ख्रिस्ती आत्मकथनातील एक आशयसूत्र

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. या पदाचा मान लाभलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काही गटांनी धर्माच्या कारणावरून विरोध केला आणि चर्चा सहिष्णुतेच्या प्रश्नाभोवती फिरत राहिली. वस्तुतः ज्या लेखकाने आपल्या आत्मकथनाला ‘नाही मी एकला’ असे नाव दिले, त्याच्या निमित्ताने एक वाङ्मयीन प्रश्न विचारावयास हवा होता. मराठी ख्रिस्ती आत्मकथनात एकाकीपणावर मात होते ती नेमकी कशाच्या बळावर?

‘श्रद्धेच्या बळावर’ हे रूढ उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’समोर अपुरे पडते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि श्रद्धेनेच हे घर मोडले. त्यानंतर लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने राहिल्या. भोवती माणसे होती. परंतु ज्याच्याशी भांडावे, रुसावे, तो माणूस नव्हता. पुढे त्या पतीकडे आल्या तेव्हाही त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. एका घरातील या दोन चुली म्हणजे एकाकीपणाचे अत्यंत नेमके चित्र होय. सोवळ्याची ही भिंत आधी मनात ढासळली. बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे नंतर आला. संहितेतील हा क्रम महत्त्वाचा आहे. समूहाचे सदस्यत्व मिळाल्याने एकाकीपण संपले असे येथे घडत नाही. ताटे एकत्र आल्यावर समूह खरा होतो.

नव्या करारातील ‘कॉइनोनिया’ या ग्रीक संज्ञेचा मूळ अर्थ वाटेकरी होणे असाच आहे. टिळकांच्या घरात हा वाटा धर्माच्या सीमेपाशी थांबला नाही. नकुशीसारखी निराधार मुलगी तेथे लेक झाली, आणि बाप्तिस्मा न घेतलेले बालकवी ठोंबरे तेथे मुलासारखे वावरले. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापिलेल्या ‘देवाचा दरबार’मध्येही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान होते. या संकल्पनेची बीजे लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात आधीच रुजली होती, असे म्हणता येईल.

अशा सहवासाचे स्वरूप समजून घेण्यास धाराशिव जिल्ह्यातीलच एक परंपरा साहाय्यभूत ठरते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात एकेकाच्या मस्तकावर थापटी मारून नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. तिचा अर्थ असा की, संतसंग केवळ सांत्वन करीत नाही, तो पारखही करतो. ज्या सहवासात आपले कच्चेपण कोणी दाखवू शकत नाही, तो केवळ गर्दी असतो. लक्ष्मीबाईंचा विनोद अशा पारखीतूनच येतो. पतीचा विक्षिप्तपणा आणि स्वतःचा हट्ट त्या सारख्याच मोकळेपणाने हास्यास्पद करतात. जिथे हसण्याने नाते तुटत नाही, तिथे माणूस एकटा राहिलेला नसतो.

दिब्रिटोंचे ‘एकला नसणे’ याच निकषावर तपासावे लागते. अविवाहित धर्मगुरूला कुटुंबाचा आधार नसतो. त्याची नाती समाजातच घडावी लागतात. हरित वसई चळवळीत ती धर्माची कक्षा ओलांडून गावकऱ्यांपर्यंत पोहोचली. म्हणूनच या शीर्षकातील नकार हा भाविकाच्या समाधानापुरता उरत नाही; त्याला सामाजिक आशय लाभतो.

तथापि, या परंपरेची मर्यादाही नोंदवावयास हवी. ‘स्मृतिचित्रे’मधील एकाकीपण हे जातीतून बाहेर पडलेल्या ब्राह्मण स्त्रीचे आहे. दलित ख्रिस्ती माणसाचे एकाकीपण निराळे. धर्मांतरानंतरही जात त्याची पाठ सोडत नाही, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींपासून मात्र तो दूर राहतो. त्याच्या ताटाला कोण वाटेकरी होते, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याच्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही. ‘नाही मी एकला’ हे उद्गार त्याच्याही तोंडी खरे ठरतील, तेव्हाच सहभाग या संकल्पनेला तिचा पूर्ण अर्थ प्राप्त होईल.