पाण्याबाहेरचं वल्हं

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला रोइंगमध्ये 5 पदकं मिळाली, 2 रौप्य आणि 3 कांस्य. पाचही पुरुषांची. त्यामुळे सप्टेंबर 2023 मध्ये फुयांगच्या पाण्यावर झालेली महिलांची ‘एट’, म्हणजे आठ वल्हेकरणींच्या नावांची शर्यत, आपल्याकडे जवळजवळ बिनबोभाट पार पडली. भारत पाचवा, एवढीच तिची नोंद. ही शर्यत सावकाश, रसिकतेनं बघण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

पुणेकराची वल्ह्याची नजर बहुधा सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या रेगाटावर, म्हणजे नौकानयनाच्या सोहळ्यावर, तयार झालेली असते. संगमाजवळ मुळेच्या काठावर दाटीवाटीनं बसून ‘अ‍ॅरोहेड’ पाहायचा. बाणाच्या रचनेतल्या नावा एकमेकींना छेदून जातात आणि काठावर टाळ्यांचा कडकडाट होतो. तिथे डोळा आकृती शोधतो. शर्यतीत आकृती नसते. असतात सहा सरळ रांगा, 2000 मीटर पाणी आणि पुन्हा पुन्हा तोच स्ट्रोक. नवख्याला दोन मिनिटांत कंटाळा येतो, कारण तो पुढची नाव कोणती एवढंच बघत बसतो. एकाच नावेचा एकच स्ट्रोक धरून ठेवला की सगळा खेळ उघडतो.

स्ट्रोकचे दोन भाग. पातं पाण्यात रोवलं जातं तो ‘कॅच’, तिथून पाय ताठ करत वल्हं ओढायचं, ‘फिनिश’ला पातं बाहेर. मग ते आडवं फिरवून, सरकत्या सीटवरून गुडघे दुमडत पुन्हा पायांकडे यायचं, ही ‘रिकव्हरी’. जोर सगळा पहिल्या भागात लागतो, म्हणून वाटतं की नाव तेव्हाच सर्वांत जोरात पळत असेल. तसं होत नाही. कॅचच्या आसपास नावेचा वेग सर्वांत कमी असतो. आठ जणी रिकव्हरीत नावेच्या शेपटाकडे सरकतात, तेव्हा त्यांच्या वजनाच्या उलट दिशेनं नाव अंतिम रेषेकडे ढकलली जाते आणि वेग शिगेला पोहोचतो. पाती हवेत असतात आणि नाव सर्वांत जोरात धावत असते! या खेळातलं मला सर्वांत आवडणारं सत्य हेच. तबल्यात सम जितकी मोलाची तितकीच ‘खाली’, तालातली रिकामी जागा, हे सवाई गंधर्व महोत्सवाला तासनतास बसणाऱ्या पुणेकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून एट बघताना पाती पाण्यात असतानापेक्षा बाहेर असताना बघावी. आठही पाती पाण्यापासून सारख्या उंचीवर आहेत का? कुणी घाईनं सीट पुढे आणते आहे का? एकीनं जरी धडपड केली तरी तिचं सगळं वजन नावेला मागे रेटतं आणि सगळ्यांनी मिळून कमावलेला वेग तिथेच सांडतो. मिनिटाला छत्तीस-अडतीस स्ट्रोकच्या गतीत, छातीत आग पेटलेली असताना, सावकाश परत यायचं. ताकद सरावानं येते. हा संयम एकीचा असून भागत नाही, आठ जणींचा एकाच वेळी असावा लागतो.

त्या नावेत अश्वती, मृण्मयी साळगावकर, थांगजम प्रिया देवी, रुक्मिणी, सोनाली स्वाईं, रितू कौडी, वर्षा आणि तेनदेनथोई देवी वल्ह्यांवर होत्या. जी. गीतांजली कॉक्स. केरळ, महाराष्ट्र, मणिपूर, ओडिशा अशा चहू दिशांच्या मुली. मृण्मयी हे मराठी नाव त्या यादीत दिसलं तेव्हा ऊर भरून आला, हे मोकळेपणानं सांगते. वल्ही चालवणाऱ्या आठही जणींची पाठ अंतिम रेषेकडे असते. पुढचं पाणी दिसतं ते एकट्या कॉक्सला. सुकाणू तिच्या हाती, माइक तिच्या तोंडाशी. शेवटचे 500 मीटर राहिले, गती वाढवा, डावी बाजू सैल पडते आहे, हे सगळं तिच्या आवाजातून कळायचं. कॉक्ससमोरची सोडली तर प्रत्येकीला समोर दिसते ती फक्त पुढच्या मैत्रिणीची पाठ, आणि त्या पाठीवर विश्वास टाकून संपूर्ण ताकद ओतायची.

पाचवा क्रमांक मी गोड करून सांगणार नाही. एट हा प्रकार निष्ठुर आहे. दोघींच्या नावेत दोन असामान्य मुली पदक खेचून आणू शकतात. 2010 मध्ये ग्वांगझोऊला प्रतिमा पुहान आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी पेअरमध्ये कांस्य आणलं तसं. एटला आठ जणी लागतात, आणि त्या आठ निवडता येतील इतक्या आणखी कितीतरी जणी मागे पाण्यावर असाव्या लागतात. पुरुषांकडे ती फौज आहे, कारण त्यांच्यामागे खरोखरीची फौज आहे. पुण्यातल्या दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं पाणी आणि तिथलं आर्मी रोइंग नोड ही आपल्या पुरुष रोइंगची तालीम. चांदवड तालुक्यातल्या कोरडवाहू तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात आला, पुण्यात वल्हं शिकला, रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्ण जिंकला. ही वाट मुलांसाठी दशकानुदशकं खुली होती. जवान म्हणून मुलींची भरती सुरू झाली ती अगदी अलीकडे, तीही लष्करी पोलिसांत. ऑलिंपिकमध्ये महिलांचं रोइंगच मुळी 1976 ला आलं, आणि तेही 1000 मीटरचं. पुरुषांइतकं 2000 मीटरचं अंतर त्यांना 1988 मध्ये मिळालं.

हे सगळं ध्यानात घेऊन बघितलं की भारताची महिला एट अंतिम शर्यतीच्या रेषेवर उभी राहते, हेच मला मोठं वाटतं. पदक जिंकणाऱ्या नावांशी तिची तुलना करताना ताकदीचा फरक कुणालाही सांगता येईल. मी बघेन ती रिकव्हरी. पुढच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली तिसऱ्या 500 मीटरमध्ये, जिथे पाय संपलेले असतात आणि शेवट अजून दूर असतो, तिथे पाती एका उंचीवर ठेवून परत येताना दिसल्या, तर त्यांची एट पदकाच्या जवळ आली आहे असं मी फलक न बघता सांगेन.