पाच वाजताची खेप

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या नाका कामगारांना मत्तयाच्या शुभवर्तमानातला २०वा अध्याय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. थापी, ब्रश, घमेले घेऊन सकाळी मिस्त्री-बिगारी उभे असतात आणि मुकादम दिसला की त्याच्याभोवती गराडा पडतो. येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट अशाच नाक्यावर सुरू होते. चार शुभवर्तमानांपैकी ती एकट्या मत्तयात आहे. उपदेशातून आपण ती इतक्यांदा ऐकलेली असते, की शेवट आधीच ठाऊक असतो आणि वाटेतली कारागिरी नजरेतून सुटते.

मालक पहाटे येतो आणि एक दिनार ठरवून माणसे लावतो. दिनार म्हणजे त्या काळची पुऱ्या दिवसाची मजुरी. नऊच्या सुमारास तो पुन्हा येतो, पण आता आकडा बोलत नाही. वाजवी असेल ते देईन, एवढेच. बाराला आणि तीनला तसेच. पाचच्या खेपेला तर जुन्या हस्तलिखितांत पैशाचे अवाक्षरही नाही, नुसते मळ्यात जायला सांगणे. खेपेगणिक करार विरत जातो आणि मजूर तरीही जातात. कथाकार यावर एक शब्द खर्च करत नाही, हे त्याचे कसब.

उन्हे उतरेपर्यंत मजुरांच्या तोंडी संवाद नाही. पाच वाजता ते प्रथमच बोलतात. दिवसभर रिकामे का उभे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एका दमाचे: कुणी कामावर घेतलेच नाही. त्यांचे वय, प्रकृती, कपडे, काही सांगितलेले नाही. संध्याकाळपर्यंत नाक्यावर कोण उरते, हे पाहिलेल्याला ते लागतही नाही.

मग दिवस मावळताना अचानक एक कारभारी कथेत येतो. म्हणजे मालकाच्या हाताखाली माणूस होता! तरीही पाचही खेपा मालकाने स्वतः घातल्या. कारभाऱ्याला इतक्या उशिरा आणल्यानेच ही गोष्ट मागे वळून उजळते. मला तरी तिच्यातली सर्वांत देखणी जागा हीच वाटते.

मजुरी त्याच दिवशी चुकती करण्याचा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक पाळला जातो, पण रांग उलटी लागते. पहाटेच्यांना आधी दिले असते, तर ते दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते आणि गोष्टच घडली नसती. शेवटच्यांना पूर्ण दिनार मिळताना बघत ते मनात वाढीव आकडे मांडतात. पण त्यांच्याही हाती एकच दिनार पडतो. दिवसभराचे कष्ट आणि ऊन आम्ही सोसले, ही त्यांची तक्रार मात्र थट्टेवारी नेलेली नाही. बदलापुरात मे महिन्यात स्लॅबवर राबलेला माणूस उन्हाबद्दल हेच बोलेल. मालकही घोळक्याशी हुज्जत घालत नाही. त्यांच्यातल्या एकालाच मित्र म्हणून उत्तर देतो आणि प्रश्नावर थांबतो. त्या माणसाचे उत्तर आपल्याला मिळत नाही.

गोष्टीच्या आधीचा मजकूर वाचल्याशिवाय पान उलटू नये. १९व्या अध्यायाच्या अखेरीस शिष्य पेत्राने येशूला विचारलेले असते, की आम्ही सगळे सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे पहाटेचा मजूर शिष्यांतच बसलेला आहे. आणि मत्तयाची मिश्किल जुळणी अशी, की गोष्ट संपून चार ओळी जातात न जातात तोच शिष्यांपैकीच असलेल्या जब्दीच्या मुलांची आई पुढे येते आणि आपल्या दोघा मुलांसाठी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागते.