शिल्पकार करमरकर आणि सजीवपणाची कसोटी

भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. तांबें व जस्त यांच्यापासून पितळ होतें आणि तांबें व कथील यांच्यापासून कांसें, हें येथील कासाराच्या मुलासहि शिकवावें लागत नाहीं. घागर चांगली कीं वाईट, हें वाजवून व वजन करून ठरवितां येतें. कांशाचा पुतळा चांगला कीं वाईट, हें मात्र कसें ठरवावें, याविषयीं आमच्या लोकांत मोठा गोंधळ आहे. पुतळा उभारण्याची गोष्ट निघाली म्हणजे पहिला प्रश्न येतो तो 'उंची किती?' हाच, आणि अनावरणाच्या दिवशीं 'हुबेहूब' या एका शब्दांत सारें परीक्षण आटोपतें. हा शब्द किती अपुरा आहे, हें दाखविण्यास विनायक पांडुरंग करमरकर यांच्या कारकीर्दीसारखें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

करमरकरांचा जन्म १८९१ सालीं अलिबागजवळच्या सासवणें गांवीं झाला. देवळाच्या भिंतीवर या मुलानें काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साहाय्यानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचें द्वार त्यास उघडलें. पुढें कलकत्ता व लंडन येथील अनुभव गांठीं बांधून ते मुंबईस परतले. ज्या विषयानें त्यांस कलाशाळेंत नेलें, त्याच विषयानें त्यांस कीर्तीहि दिली. पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला १९२१ सालीं बसली. शाहू छत्रपतींच्या पश्चात् राजाराम छत्रपतींनीं तें कार्य पुढें नेलें, आणि १६ जून १९२८ रोजीं अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. उंची साडेतेरा फूट. ओतकाम माझगांवला, आणि तेंहि एकसंध. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनीं ओतून सांधणें सोपें. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हां ओततां येतो. एकसंध ओतकामांत सांचा कोठें फुटला वा रस मध्येंच थिजला, तर सारे श्रम मातीमोल. तें धाडस यशस्वी झालें, हा त्यांच्या कौशल्याचा निर्विवाद पुरावा होय.

परंतु कौशल्य म्हणजे सर्व कला नव्हे. येथें 'हुबेहूब' म्हणणारास आम्ही विचारतों, हुबेहूब कोणासारखा? महाराजांस आपणांपैकीं कोणीं पाहिलें आहे? जुनीं चित्रें चेहऱ्याची ठेवण सांगतील. पण खोगिरावर बसलेल्या देहाचा भार, लगाम धरणाऱ्या मनगटाचा ताण, घोड्याच्या मानेखालचे स्नायू, हें त्या चित्रांतून उचलतां येत नाहीं. तें जिवंत माणसांत व जनावरांतच पाहावें लागतें.

करमरकरांची ही नजर कशी होती, तें सासवण्यास त्यांच्या घरीं कळतें. १९६७ सालीं ते निवर्तले. त्या घरीं आज त्यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे. तेथें म्हैस आहे, घरचा गडी आहे, शेजारपाजारचीं साधीं माणसें आहेत. आणि बरींचशीं कामें केवळ सिमेंटचीं आहेत. म्हशीच्या पुतळ्यासाठीं वर्गणी जमविणारी समिती कोठें निघत नाहीं. तरीहि आमच्या मतें करमरकरांची खरी थोरवी येथेंच आहे. सिमेंटला कांशाची झळाळी नाहीं. तेव्हां त्यांतली म्हैस जर हंबरेल असें वाटत असेल, तर तो सजीवपणा धातूचा नव्हे, नजरेचा. पुण्याचा घोडाहि त्याच नजरेवर उभा आहे.

कोणी म्हणेल, स्मारकास भव्यता हवी. हवीच. २०१८ सालीं उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरांचा पुतळा धुळें जिल्ह्यांतील गोंदूरच्या राम सुतार यांच्या कल्पनेवरून घडला. त्याची उंची अभियंत्यांनीं पेलली. पण खांद्यावरच्या वस्त्राची चुणी कशी पडते, हें शिल्पकारानेंच कधीं तरी एखाद्या खऱ्या खांद्यावर पाहिलेलें असावें लागतें.

म्हणून स्मारकसमित्यांस आमची विनंती आहे कीं, शिल्पकार निवडतांना त्याचा मोठ्यांत मोठा पुतळा पाहून भुलूं नये. त्यानें कोणाच्या मागणीवांचून केलेलें एखादें लहान शिल्प, घरच्या माणसाचें वा गुराचें, मागून घेऊन पाहावें. तें निर्जीव असेल, तर कितीहि मण कांसें ओतलें तरी चौथऱ्यावर जीव उतरणार नाहीं. घागर विकत घेतांना आमचें गिऱ्हाईक जेवढी चिकित्सा करतें, तेवढी पुतळा घेतांना केली तरी पुरे.